भोक नेमकं कुठे?

फेब्रुवारी १९५२. फिलाडेल्फिया, जेफर्सन मेडिकल कॉलेजचं ऑपरेशन थिएटर. तुम्ही भिंतीला चिकटून उभे आहात. तोंडावर बांधलेल्या कापडाआड स्वतःचाच श्वास गरम लागतोय. टेबलावर पंधरा महिन्यांची मुलगी आहे, तिच्या शेजारी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं, पियानोएवढं अवाढव्य यंत्र. त्यामागे सर्जन जॉन गिबनची एकवीस वर्षं आहेत. १९३१ साली बॉस्टनमध्ये, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी त्यांनी रात्र जागून काढली, तेव्हापासूनची.

निदान झालंय: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. गिबन उजवा कप्पा उघडतात, पडदा तपासतात. पुन्हा तपासतात. भोक नाहीच.

तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण इथे तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. दोष हृदयाच्या बाहेर आहे. महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना गर्भात जोडणारी नळी जन्मानंतर मिटायला हवी होती, ती उघडीच राहिली आहे. मूल दगावतं. नळी दिसते ती शवविच्छेदनात.

यातली जीवघेणी गोष्ट अशी, की या आजाराला यंत्र लागतच नव्हतं. रॉबर्ट ग्रॉसनी १९३८ सालीच बॉस्टनमध्ये अशी नळी नुसती धाग्याने बांधून एका मुलीला बरं केलं होतं. पण जेफर्सनच्या डॉक्टरांना दोष देण्याआधी त्यांच्या हाती काय आहे ते पाहा: स्टेथोस्कोप, एक्स-रेची सावली, ईसीजी आणि शिरेतून हृदयापर्यंत सरकवायची कॅथेटर. दोन्ही दोषांत जास्तीचं रक्त फुप्फुसांकडे जातं, हृदय फुगतं. एवढ्याशा बाळात फरक ओळखायचा कसा?

६ मे १९५३. तेच थिएटर. आता टेबलावर दुसरी मुलगी आहे, अठरा वर्षांची, आणि भोक सांगितलं तिथेच सापडतं. यंत्रात जाळीच्या पडद्यांवरून रक्ताचा पातळ थर उतरतोय, लालभडक होतोय. मध्येच रक्त गोठू न देणारं हेपॅरिन कमी पडतं, जाळीवर गुठळ्या धरू लागतात. इकडे टाके पडतच असतात. हृदय-फुप्फुसांचं काम २६ मिनिटं यंत्र करतं. मुलगी वाचते.

बहुतेक पुस्तकं इथेच टाळ्या वाजवून थांबतात. तुम्ही जुलैपर्यंत थांबा. पाचेक वर्षांच्या दोन मुली, दोघीही जातात. एकीचं हृदय छाती उघडल्यावर बंद पडतं. दुसरीला अपेक्षित भोकाखेरीज खालच्या कप्प्यांमध्येही भोक निघतं, वर ती नळीही उघडी. रक्त इतकं भरत राहतं की टाका घालायला जागा दिसत नाही.

गिबन वर्षभर थांबायचं ठरवतात. पुन्हा हे ऑपरेशन ते कधीच करत नाहीत. त्यांचं यंत्र सुधारून पुढे नेतात ते मेयो क्लिनिकचे जॉन कर्कलिन, १९५५ मध्ये.

निघण्यापूर्वी ऑक्टोबर १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जाऊन या. धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र एडलर आणि हर्ट्झ हे संशोधक माणसाच्या छातीवर टेकवतायत. हृदयाच्या हालचालीची नागमोडी रेघ उमटते. त्या रेघेत भोक मात्र अजून दिसत नाही.