आधी इमारतीची नोंदणी, मग भाड्याचा दावा

न्यूयॉर्क शहरात तीन किंवा अधिक कुटुंबे राहत असलेल्या इमारतीतून भाडे थकवणाऱ्याला काढायचे, तर मालकाला दाव्याच्या अर्जातच इमारतीचा चालू नोंदणी क्रमांक आणि व्यवस्थापकाचे नाव-पत्ता लिहावा लागतो. या अटीचे मूळ भाडेवसुलीत नाही. ते मालकाच्या शोधात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या दाटीच्या इमारतींचे अनेक मालक दुसरीकडे राहत. अख्खी इमारत एखाद्या मक्तेदाराला दिली जाई आणि खोल्यांचे भाडे तो गोळा करी. संडास तुंबला, जिन्यात अंधार असला, तर नोटीस बजावायची कोणावर, हा निरीक्षकापुढचा पेच असे. मालक सापडला म्हणजे काम झाले, असेही नव्हते. मजल्यामजल्यावर पाणी देण्याच्या 1887 च्या सक्तीविरुद्ध ट्रिनिटी चर्चसारखा धनाढ्य घरमालक न्यायालयात लढला. तो हरला, पण निकाल यायला 1895 उजाडले.

गृहसुधारक लॉरेन्स व्हेलर आणि रॉबर्ट डी फॉरेस्ट यांच्या खटपटीतून अशा इमारतींसाठी आलेल्या 1901 च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. मालकाने आपले नाव-पत्ता शहराच्या संबंधित खात्याकडे नोंदवायचा, ही पहिली. दुसरी अधिक बोचरी होती: वापराच्या दाखल्याविना इमारतीत भाडेकरू ठेवले, तर त्या काळाचे भाडे मागता येणार नाही आणि ते थकले म्हणून ताबाही मागता येणार नाही. दंड भरून मोकळे होणाऱ्या मालकाला ही शिक्षा खरी झोंबणारी.

1929 च्या बहुनिवासी इमारत कायद्याने हा वारसा पुढे चालवला. पुढे भाडे रोखण्याचे हत्यार नोंदणीलाही जोडले गेले, मात्र धार कमी करून. दाखला नसेल तर त्या काळाचे भाडे बुडू शकते; नोंदणी नसेल तर वसुली केवळ नोंदणी होईपर्यंत थांबते. नंतर थकबाकीसह सारे मागता येते. शहराच्या 1967 च्या गृहदेखभाल संहितेतही हाच धाक आहे. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ते विसरलेल्या मालकाचा दावा भाडेकरूचा वकील तिथेच अडवतो.

भाडेकराराची मुदत संपल्यावर ताबा मागण्याच्या दाव्यातही क्रमांक द्यावाच लागतो. मात्र तो राहून गेला, तर अर्जात दुरुस्ती करण्याची मुभा न्यायालय देऊ शकते.