शिवनेरी, सोयरीक आणि सरकारचा भरवसा

केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू होताना भरायच्या अर्जात, मुलं परदेशात शिकत किंवा राहत असतील तर त्यांची माहिती द्यावी लागते. परदेशी व्यक्तीशी लग्न केलं तर १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार ते लगेच कळवावं लागतं. हा रकाना आधुनिक वाटतो; पण सरहद्दीपलीकडचे नातलग पाहून माणसाची निष्ठा जोखायची रीत जुन्नर-आंबेगावच्या मुलखाने सतराव्या शतकातच पुरेपूर अनुभवली. तेव्हा परमुलूख दूर नव्हता: निजामशाही, आदिलशाही आणि मोगलाई एकाच घराच्या अंगणात येऊन भिडत होत्या. लखुजी जाधव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा परतले. जावई शहाजीराजे मात्र तेव्हा निजामशाहीत होते. अशा माणसाचा भरवसा धरायचा कसा? निजामशहाने १६२९ मध्ये दौलताबादेला लखुजींना मुलांसह आणि नातवासह मारून प्रश्न निकालात काढला. परिणाम उलटाच झाला, शहाजींनीच निजामशाही सोडली. गर्भवती जिजाबाई त्या सुमारास शिवनेरीवर होत्या, आणि तिथले किल्लेदार विश्वासराव हे भोसल्यांचे व्याही. म्हणजे दरबाराने ज्या सोयरिकीला घाबरावं, तीच इथे आसरा ठरली.

यावर आक्षेप असा की सोयरीक धोक्याची नसते तर राज्यकर्ते तिच्याकडे एवढं बघत का होते? आक्षेप खरा आहे, आणि त्याला १६४८ चा दाखलाही आहे. शिवाजीराजांच्या हालचालींपायी आदिलशाही फौजेने शहाजींना जिंजीजवळ कैद केलं आणि सुटकेसाठी राजांना कोंढाणा सोडावा लागला. पण नीट पाहिलं तर इथे नातं हा निष्ठेचा पुरावा नव्हता, पकडायची शेंडी होती. बाप मुलाशी सामील आहे का, हे विजापुराला सिद्ध करावंच लागलं नाही. मुलाचा जीव बापात अडकलेला आहे, एवढं पुरलं. आजच्या छाननीतलाही शहाणपणाचा भाग तोच: नातलग कुठे आहे यापेक्षा, त्याची मानगूट कुणाच्या हातात जाऊ शकते. मूळ, जात, गाव यांवरून काढलेला संशय मात्र वेगळा, आणि तो बहुधा आंधळा.

शिवनेरीचाच पुढचा किल्लेदार बघा. किल्ला मोगलांकडे गेल्यावर तिथे बसलेला अब्दुल अझीज खान हा मूळचा ब्राह्मण, धर्मांतर केलेला. कागदावर पाहिलं तर याच्यापेक्षा संशयास्पद माणूस सापडणार नाही. १६७३ च्या सुमारास राजांनी त्याला लाच देऊ केली. त्याने पैसे घेतले, मोगल सेनापती बहादूरखानाला खबर दिली आणि चालून आलेल्या मराठ्यांना सापळ्यात पकडलं. फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये जुन्नरला आला तेव्हाही खान तिथेच होता. राजांना जन्मस्थान शेवटपर्यंत मिळालं नाही.

भरवशाच्या या प्रश्नावर स्वराज्याने काढलेली तोड सभासद बखरीत आहे. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत अशी समान प्रतीची माणसं, वेगवेगळ्या जातींची. एकट्याने किल्ला विकायचा म्हटलं तरी विकता येऊ नये अशी. इथेही जात पाहिलीच होती, हे मान्य. फरक इतकाच की कुणाच्या मनात काय आहे, ते ताडण्यावर गडाची मदार ठेवली नव्हती.