कार्बन डायऑक्साइडचे विद्युत्-रासायनिक क्षपण
कार्बन डायऑक्साइडचे विद्युत्-रासायनिक क्षपण म्हणजे विजेच्या साहाय्याने या वायूपासून उपयुक्त रसायने वा इंधने तयार करण्याची प्रक्रिया होय. विद्युत् घटाच्या ऋणाग्रावर वायूचे क्षपण होते, तर धनाग्रावर सामान्यतः पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त होतो. उत्पादन मुख्यत्वे ऋणाग्राच्या धातूवर अवलंबून असते : चांदीवर कार्बन मोनॉक्साइड, कथिलावर फॉर्मेट, तर तांब्यावर मिथेन, एथिलीन इत्यादी मिळतात. तांब्याचा हा गुण जपानी शास्त्रज्ञ योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. सोबत हायड्रोजनही तयार होत असल्याने काही वीज त्यात खर्ची पडते. वीज कोळशापासूनची असल्यास वापरल्या गेलेल्या वायूपेक्षा अधिक वायू हवेत मिसळू शकतो. म्हणून सौर वा पवन ऊर्जा आवश्यक ठरते. कार्बन ग्रहण व उपयोग या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र २०२२ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसाठी जाहीर झाले.