नगर-पुण्याचा रस्ता

पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली ती आमच्या सुप्यावरून, 1 जून 1948 ला. लाकडी बॉडी, वर कापडाचं छत. आजा सांगायचा, त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारी भरल्या की सुटायच्या. त्यांना वेळ अशी नव्हतीच. एसटीला वेळ होती, ठरलेलं भाडं होतं, अन् हात केला की थांबायची. गावाला रस्ता आपला वाटला तो तेव्हा.

पुढं रस्ता चौपदरी झाला. पुणं जवळ आलं हे खरंच, नाकारून कसं चालेल? पण मध्ये दुभाजक आला, विनाथांबा गाड्या फाट्यावरून वाऱ्यासारख्या जाऊ लागल्या, अन् पलीकडच्या रानात जायला म्हाताऱ्यांना वळसा पडला. वर टोलनाका.

31 मे 2015 च्या मध्यरात्रीपासून राज्य सरकारनं 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर कार, जीप व एसटीला टोल माफ केला. एसटीच्या वाढदिवसालाच एसटी सुटली म्हणायची! मालाच्या गाड्यांना मात्र माफी नव्हती. कारवाल्याचा टोल सगळ्यांना दिसतो; कांद्याचा कुणाला दिसत नाही, कारण तो भाड्यात मुरलेला असतो. बापू पट्टी वाचायला बसत. आडत, हमाली, तोलाई... भाड्याच्या आकड्यावर बोट थांबायचं.

“नाक्याची पावती त्यातच धरलीय, बापू,” टेम्पोवाला म्हणायचा.