जीपचा कणा

अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीच्या नावातच चिखल आहे! पावसाळ्यात तिथे गाडी कच्च्यात घालायची म्हटलं की जुना वाद निघतोच: खाली वेगळी चासी हवीच का?

महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. रचना साधी. शिडीसारखी पोलादी चासी, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. मग अमेरिकेत 1984च्या मॉडेलची जीप चेरोकी आली आणि चासी-बॉडी एकच झाली. वजन घटलं, गाडी चपळ झाली. पण वर्षानुवर्षं दगडधोंड्यांत पिळवटल्यावर पत्रा थकतो, स्टिअरिंग बॉक्सपाशी तडे जातात. तिकडच्या हौशी लोकांनी उपाय काढला: बुडातल्या पोकळ बीमांना जाड पट्ट्या वेल्ड करायच्या. तेही सलग नाही, सुटे सुटे टाके घालत, नाहीतर उष्णतेने बीम वाकतो. आणि गंजलेला पत्रा आधी कापून काढायचा. सडक्यावर पट्टी म्हणजे बग न शोधता टाकलेला पॅच!

आपल्याकडे 2011 साली एक्सयूव्ही 500 आली, 2017 साली रांजणगावची कम्पास. दोन्ही मोनोकॉक. एक मित्र म्हणाला, "आपणही मारू की पट्ट्या!" म्हटलं, थांब रे. टक्कर झाली तर कुठला भाग चुरगळायचा आणि कुठला ताठ राहायचा, हे या गाड्यांत आधीच ठरलेलं असतं. शिवाय जास्त ताकदीचं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर होऊ शकतं. अंदाजाने पट्ट्या मारल्या तर धक्का थेट आतल्या माणसांना बसायचा.

चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टर ओढून काढेल. तेव्हा पट्टी मारण्याआधी गाडी कुठल्या पिढीची आहे ते बघा.