आधी काय, मग काय?

गेल्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे पुढे आली आणि करंजी मोडता मोडता माझ्या नातवंडांत जुंपली. नागपूरहून आलेल्या नातवाने सुटीत आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका वगैरे अमेरिकन महावीरांचे चित्रपट ओळीने पाहण्याचा संकल्प सोडला होता. पुण्याहून आलेल्या नातीने त्याला विचारले, "ओळीने म्हणजे कोणत्या ओळीने?"

प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नव्हता. मुलांकडून मला जे कळले ते असे. या मालिकेतला पहिला चित्रपट, म्हणजे 'आयर्न मॅन', २००८ साली आला. तेव्हापासून २०१९ पर्यंत अशा एकात एक गुंतलेल्या चित्रपटांची संख्या २३ वर गेली. पण कॅप्टन अमेरिकेचा पहिला चित्रपट आला २०११ मध्ये आणि त्यातली कथा घडते दुसऱ्या महायुद्धात. 'कॅप्टन मार्वल' तर २०१९ चा आणि त्यातला काळ १९९५ चा. तेव्हा चित्रपट ज्या क्रमाने आले त्या क्रमाने पाहावेत, की कथा ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने? नातू पहिल्या पक्षाचा, नात दुसऱ्या. दोघेही शेवटी माझ्याकडे वळली. "आबा, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "बाळांनो, तुमचे महावीर मी पाहिलेले नाहीत. पण हे भांडण मात्र माझ्या ओळखीचे आहे. आपल्या वर्धा जिल्ह्याशी त्याचा फार जुना संबंध आहे. उद्या पवनारला चला, तिथे सांगतो."

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर धाम नदी लागते आणि तिच्या काठी पवनार. १९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा येथे जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले आणि त्या जागेला त्यांनी परंधाम हे नाव दिले. पुढे आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी कोरीव शिल्पे निघू लागली. त्यांपैकी एका शिल्पात विनोबांना राम आणि भरत यांची भेट दिसली. ती मूर्ती त्यांनी आश्रमातच स्थापन केली. आजही येणारा माणूस आधी तिच्यापुढे उभा राहतो.

विनोबांना त्या दगडात नेमका भरतच का दिसावा? याचे उत्तर सहा वर्षे मागे, धुळ्याच्या तुरुंगात सापडते. १९३२ साली तेथे दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांतल्या बाराव्या अध्यायावर बोलताना सगुण भक्ती आणि निर्गुण भक्ती यांतला भेद समजावून देण्यासाठी विनोबांनी लक्ष्मण आणि भरत हे दोन भाऊ पुढे उभे केले. एक रामाच्या सहवासात राहून सेवा करणारा, दुसरा रामापासून दूर राहून त्याचेच राज्य सांभाळणारा. ज्याच्या मनात भरत असा घर करून बसला होता, त्याच्या कुदळीखाली भरतभेट निघावी, हा योग मोठा गोड आहे.

ही शिल्पे वाकाटकांच्या काळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. पवनार हेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर, येथे त्याने रामाचे देऊळ बांधले आणि ही शिल्पे त्या देवळावरची रामकथेची मालिका, असा त्यांचा सिद्धान्त. मालिका म्हटले की क्रम आला. देवळाला प्रदक्षिणा घालणारा यात्रेकरू एकामागून एक प्रसंग पाहत पुढे जात असेल. परंतु देऊळ पडले, दगड विखुरले, मातीखाली गेले आणि वर आले ते सुटे सुटे. पहिला कोणता आणि शेवटचा कोणता हे दगड स्वतः सांगत नाहीत.

यापुढची गोष्ट मुलांना अधिक चमत्कारिक वाटली. काही अभ्यासकांनी पुढे अशी शंका घेतली की यांतले काही प्रसंग रामाचे नसून कृष्णाचे असावेत. तसेच रामटेकजवळ मनसरला उत्खनन झाल्यावर प्रवरपूर तिकडे असावे, असाही पक्ष पुढे आला. या वादाचा निकाल देण्याचा अधिकार माझा नाही. पण त्यातून एक गोष्ट मला शिकता आली. मालिकेचा क्रम हरवला म्हणजे नुसता मागचा प्रसंग पुढे होतो एवढेच नव्हे; नायक कोण, याचाही भरवसा राहत नाही.

"मग क्रम पाळायलाच हवा ना?" नात विजयाने म्हणाली. तिला मी जरा थांबवले, कारण ज्या प्रवरसेनाचे आपण बोलत होतो त्याने स्वतःच क्रम पाळलेला नाही. 'सेतुबंध' हे त्याचे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या आजीपणजीच्या भाषेत म्हणा ना! या पंधरा आश्वासांच्या काव्यात रामजन्म नाही, स्वयंवर नाही, वनवासाला निघणे नाही. मंगलाचरण होते आणि आपण एकदम शरद ऋतूत येऊन उभे राहतो. पावसाळा संपला आहे, आकाश निवळले आहे, राम वाट पाहत आहे आणि हनुमंत सीतेची वार्ता घेऊन परत येतो. तेथून सेतू, लंका आणि रावणवध, की संपले काव्य. अर्धी कथा झाल्यावर सुरुवात! प्रवरसेनाला हे धाडस कसे झाले? उत्तर सरळ आहे. त्याच्या सभेत मागची अर्धी कथा ठाऊक नसलेला एकही श्रोता नव्हता.

विदर्भाशी नाते सांगणारा दुसरा मोठा कवी भवभूती. त्याचे पूर्वज पद्मपूरचे. आठव्या शतकातल्या या नाटककाराने रामकथेचे चक्क दोन भाग केले. विश्वामित्राच्या आश्रमापासून राज्याभिषेकापर्यंत 'महावीरचरित' आणि सीतात्यागापासून पुढे 'उत्तररामचरित'. मुलांच्या महावीरांना मी महावीर म्हणतो ते उगीच नव्हे. तो शब्द भवभूतीचा आहे. उत्तररामचरिताचा पहिला अंक तर आपल्या प्रश्नासाठीच लिहिला असावा असे वाटते. लक्ष्मण राम-सीतेला चित्रे दाखवायला नेतो, आणि ती चित्रे असतात त्यांच्याच पूर्वायुष्याची. मिथिलेतला विवाह, वनातले दिवस, शूर्पणखा. सारे क्रमाने. चित्रातली शूर्पणखा पाहूनही सीता भिते आणि राम तिला समजावतो की हे केवळ चित्र आहे. पाहता पाहता गर्भवती सीतेला पुन्हा एकदा वन पाहण्याची इच्छा होते, आणि त्याच इच्छेचा आधार घेऊन तिला वनात सोडले जाते. मागचे सुख डोळ्यांपुढून नुकतेच गेलेले असते म्हणून पुढचा वियोग काळजाला भिडतो. दुसरा भाग दाखवण्यापूर्वी पहिल्याची आठवण करून देण्याची ही युक्ती बाराशे वर्षांपूर्वीची आहे.

आता चित्रपटांकडे येतो. मुंबईच्या प्रकाश पिक्चर्ससाठी विजय भट्ट यांनी रामकथेवर चित्रपट काढले. त्यांत राम प्रेम अदीब आणि सीता आपल्या शोभना समर्थ. १९४२ साली 'भरत मिलाप' आला. मराठीत तो 'भरतभेट'. त्यात दुर्गा खोटे यांची कैकेयी आणि शाहू मोडकांचा भरत. त्यापुढचा चित्रपट अरण्याचा किंवा लंकेचा असावा असे वाटेल. पण १९४३ मध्ये आले 'रामराज्य', म्हणजे थेट सीतात्याग आणि लव-कुश. हाही मराठीत निघाला होता. आणि रावणाशी युद्ध? ते आले १९४८ मध्ये, 'रामबाण' या नावाने, चंद्रमोहन रावण होऊन. वनवास १९४२ चा, लंकेहून परतल्यानंतरची कथा १९४३ ची, आणि लंका जिंकली ती १९४८ मध्ये! माझ्या नातवंडांच्या अमेरिकन मालिकेत याहून मोठा घोळ नसेल. तरीही कोणी प्रेक्षक 'आधी रावण मारा, मग रामराज्य दाखवा' म्हणून अडून बसला नाही. 'रामराज्य' लोकांनी डोक्यावर घेतले. विजय भट्टांनी १९६७ मध्ये जुनी कथा रंगीत चित्रपटात पुन्हा सांगितली तीही 'रामराज्य'च.

या चित्रपटाच्या एका प्रेक्षकाचा आमच्या जिल्ह्याशी फार जवळचा संबंध आहे. १९३६ पासून गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावात मुक्काम केला होता. त्याच गावाचे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुंबईत अटक झाली आणि आगाखान महालात ठेवले गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच कस्तुरबा गेल्या. ६ मे रोजी आजारी गांधीजींची सुटका झाली आणि विश्रांतीसाठी ते जुहूला राहिले. त्या मुक्कामात त्यांना 'मिशन टु मॉस्को' हा अमेरिकन चित्रपट दाखवण्यात आला आणि नंतर 'रामराज्य'. चित्रपटांविषयी गांधीजींना मुळीच प्रेम नव्हते. त्यांनी पाहिलेला हिंदी चित्रपट म्हणून या एकाचेच नाव सांगितले जाते.

'भरत मिलाप' न पाहता आणि 'रामबाण' निघण्यापूर्वीच त्यांनी शेवटचा भाग पाहिला. त्यांना काही अडले असेल काय? मुळीच नाही. लहानपणी पोरबंदरला आजारी वडिलांच्या उशाशी लाधा महाराज तुलसीरामायण वाचत असत आणि मोहनदास ते तल्लीन होऊन ऐकत असे. ही आठवण त्यांनी आत्मकथेत लिहिली आहे. ज्याच्या मनात सबंध कथा साठ वर्षे नांदत होती त्याला कोणतेही पान पहिले पान होते. कस्तुरबांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. पडद्यावर एका पतीपत्नीची ताटातूट पाहताना त्या वृद्धाच्या मनात काय आले असेल, हे त्यांचे त्यांना ठाऊक. त्याच वर्षी ते सेवाग्रामला परतले. आदि निवास, बापू कुटी, बा कुटी तेथे आजही आहेत.

एवढे सांगून झाल्यावर धाम नदीच्या काठी मी मुलांना माझा निकाल दिला. ज्या कथा घरोघर आधीच ठाऊक असतात, त्या सांगणाऱ्याने कोठूनही सुरू कराव्यात. वाल्मीकीच्या रामायणातही रामापुढे कुश-लव रामायण गातात हे बालकांडातच येऊन जाते. गदिमांनी १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू केले तेही त्याच प्रसंगाने, म्हणजे शेवटाकडून. क्रम मोडण्याची ही मोकळीक कवीला कोणी दिली? क्रम ठाऊक असलेल्या श्रोत्याने दिली.

तुमच्या अमेरिकन महावीरांची कथा अशी घरोघरची नाही. ती पाहणारा कोरी पाटी घेऊन बसतो. प्रेक्षकाला आतापर्यंत काय ठाऊक झाले आहे हे धरूनच करणाऱ्याने पुढचा चित्रपट केलेला असतो. काय लपवायचे, काय आधी उघड करायचे याचा त्याचा हिशेब त्याच क्रमाने चालतो. म्हणून पहिल्यांदा पाहताना ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाहावेत. नातू बरोबर. एकदा कथा अंगवळणी पडली म्हणजे मग महायुद्धापासून सुरुवात करून घडल्या क्रमाने पाहावेत. तेव्हा मागचे दुवे नव्याने उजळतील. नातही बरोबर, पण दुसऱ्या खेपेला.

दोघांचेही समाधान झालेले दिसले. परत निघताना नात त्या भरतभेटीच्या शिल्पापाशी पुन्हा थांबली. बराच वेळ पाहून तिने हळूच विचारले, "आबा, यात राम कोणता? आणि तो भरताला भेटायला का आला होता?"

मी चमकलो. राम भरताला नव्हे, भरत रामाला भेटायला आला होता, हे माझ्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला ठाऊक नव्हते. दोष तिचा नव्हता. माझ्या आजीने ही कथा मला सांगितली. मी माझ्या मुलांना निम्मीशिम्मी सांगितली. आणि त्यांच्या मुलांपर्यंत ती सुटे दगड होऊन आली. विजय भट्टांनी जो प्रेक्षक गृहीत धरला होता, प्रवरसेनाने जो श्रोता गृहीत धरला होता, तो तयार करण्याचे काम राजाचेही नव्हते आणि चित्रपटवाल्याचेही नव्हते. ते माझ्यासारख्यांचे होते.

त्या रात्री अंगणातल्या पणत्यांत पुन्हा तेल घातले. नातवंडांचा पहिला चित्रपट एक दिवस पुढे ढकलला गेला. मी दशरथापासून सुरुवात केली.