दापोडी ते राणीबाग : बागेतील अनोळखी झाडांच्या ओळखीचा इतिहास

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या बागा पुढच्या पिढ्यांच्या ताब्यात आल्या, तेव्हा त्यांतील झाडे जागेवर होती. झाडांची नावे मात्र पुष्कळदा सोबत आली नाहीत. पाट्या पावसात आणि वाळवीत गेल्या, आणि कोणते रोप कुठून आले हे ज्या माळ्यांना तोंडपाठ होते त्यांचे ज्ञान उतरवून घेण्याची तसदी क्वचितच कुणी घेतली. त्यामुळे अशा झाडाची ओळख पटवणे हे वनस्पतिशास्त्राचे जेवढे काम आहे, तेवढेच दप्तर धुंडाळण्याचेही आहे.

रानातील झाड ओळखण्यासाठी अभ्यासक ‘फ्लोरा’ उघडतो. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशात निसर्गतः वाढणाऱ्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ. त्यातील ओळखतक्त्यात पायरीपायरीने दोन पर्याय दिलेले असतात (पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, अंडाशय पाकळ्यांच्या तळाच्या वर की खाली), आणि त्यांतून वाट काढत आधी कुल, मग प्रजाती आणि शेवटी जाती गाठायची असते. बागेत ही रीत फसू शकते, कारण मादागास्करहून किंवा दक्षिण अमेरिकेतून आणलेले झाड त्या प्रदेशाच्या फ्लोरात असेलच असे नाही. आणि तक्त्याला ‘हे झाड इथले नाही’ असे सांगता येत नसल्याने तो अभ्यासकाला एखाद्या देशी नातलगापाशी नेऊन सोडतो. चुकीचे उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखेच असते, हा यातला खरा धोका. म्हणूनच बागेतील झाडाच्या बाबतीत ते केव्हा आणि कोणाच्या हातून आले असावे, हा प्रश्न फुलाच्या परीक्षणाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाला उत्तर देणारी पश्चिम भारतातील पहिली मोठी छापील यादी १८३९ साली मुंबईत निघाली. तिचे कर्ते जॉन ग्रॅहम हे टपाल खात्यातील अधिकारी होते. ग्रंथ पुरा होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम निम्मो नावाच्या वनस्पती-अभ्यासकाने तडीस नेले. ग्रॅहम यांनी आपोआप उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती एकाच सूचीत घेतल्या. शुद्ध शास्त्राच्या दृष्टीने ही सरमिसळ वाटेल, पण जुन्या बागेच्या वारसदाराला तिच्याइतका उपयोगी ग्रंथ क्वचितच सापडेल.

पुण्याजवळ दापोडी येथे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ साली, सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली होती. १८३८ पासून तिची धुरा अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. पुढे तेच इलाख्याचे वनसंरक्षकही झाले. इस्पितळांसाठी औषधी वनस्पती पिकवणे, परदेशी उपयुक्त रोपे इथल्या हवेत रुजतात का हे पाहणे आणि रोपे-बियाणे वाटणे ही या बागेची कामे होती. गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली, आणि त्यांतील सुमारे १७० चित्रे आज एडिनबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा बंद पडून शतकाहून अधिक काळ लोटलेल्या बागेत काय काय वाढत होते हे चित्रांतील पाने-फुले पाहून सांगता आले. ही चित्रे काढणारा पोर्तुगीज-भारतीय कलावंत होता एवढेच नोंदले गेले, त्याचे नाव नाही. झाडांच्या नावांबाबत इतके काटेकोर असलेल्या दप्तराने माणसाच्या नावाबाबत दाखवलेली ही उदासीनता नजरेआड करण्याजोगी नाही.

डॅलझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला, आणि त्याला बाहेरून आणलेल्या व इथे रुजलेल्या जातींची पुरवणी जोडलेली होती. ग्रॅहमच्या यादीत नसलेले झाड या पुरवणीत असेल, तर ते मधल्या बावीस वर्षांत आले असण्याचा संभव वाढतो. खात्री मात्र होत नाही, कारण यादीत नसणे म्हणजे बागेत नसणे नव्हे.

१८६२ साली भायखळ्याला खुल्या झालेल्या राणीबागेतील उर्वशीच्या झाडाची कथा याहून वेगळी आहे. लांब लोंबत्या मंजऱ्यांचे हे तांबडे-पिवळे फूल शास्त्राला ठाऊक झाले तेच मुळी एका उजाड बागेतून. नॅथॅनिएल वॉलिच यांना १८२७ मध्ये ब्रह्मदेशात मार्ताबानच्या परिसरातील एका पडक्या बौद्ध मठाच्या बागेत या झाडाची जोडी आढळली, आणि त्यांनी त्याला गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी व कन्येच्या सन्मानार्थ ‘ॲम्हर्स्टिया नोबिलिस’ हे नाव दिले. ते झाड तिथे कोणी लावले याची नोंद वॉलिचना मिळाली नव्हती. तरीही ते बिनचूक ओळखले जाते, कारण त्याच्यासारखे दुसरे झाडच नाही.

बाकीच्या झाडांचे भाग्य एवढे सरळ नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कैलासपतीला अनेक ठिकाणी नागचाफा म्हणतात, वास्तविक खरा नागचाफा हा निराळ्या कुलातील देशी वृक्ष आहे. वर्षावृक्षाची अडचण दुसरीच: त्याला अभ्यासकांनी आळीपाळीने पिथेसेलोबियम, समानिया आणि अल्बिझिया या प्रजातींत बसवल्यामुळे तीन काळांतल्या तीन पाट्या पाहणाऱ्याला तीन झाडे असल्याचा भास होतो. अशा वेळी निर्णय शुष्क नमुन्यावर सोपवावा लागतो, म्हणजे दाबून वाळवलेल्या, जागा आणि तारीख लिहून ठेवलेल्या फांदीवर. असे नमुने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर वनस्पतिसंग्रहात आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात तुलनेसाठी ठेवलेले आहेत. मात्र फुलाफळांविना तोडलेली नुसती पानांची डहाळी तिथे नेल्यास तज्ज्ञालाही बहुधा कुलाच्या पुढे जाता येत नाही, आणि मग पुढच्या बहराची वाट पाहावी लागते.